तुझ्या पायाचं माप

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुझ्या पायाचं माप घेणं. मी मिठाचं रिकामं पोतं उसवून दारातल्या फरशीवर अंथरलं. तू भिंतीला धरून त्यावर डावा पाय ठेवलास. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन मी पायाच्या कडेकडेनं रेघ ओढायला लागलो.

"अवो, गुदगुल्या व्हायल्यात."

"गप उभी राहा. रेघ हलली का बूट बिघडला."

"गुदगुल्या कळायल्यात म्हंजी पाय मेला न्हाई. जाऊन सांगा तुमच्या डाक्टराला."

रेघ पुरी झाली तसा तू पाय उचललास आणि वाकून बघितलंस. मीपण बघितलं. बोटं कुठं आणि टाच कुठं, काही कळत नव्हतं. नुसता गोल झाला होता. तू म्हणलीस, "हा पाय हाय का भोपळा? बाबू मोची हसल मला." मी म्हणलो, हसला तर त्याच्याच आरीनं त्याला टोचतो. तू हसलीस. मग बसून पायावर फडकं गुंडाळलंस, आणि मी पोत्याची घडी करून काखेत मारली आणि बाजाराकडं निघालो. एवढंच. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष असतं तर मी अजून जरा वेळ बसलो असतो.

लोक येतात, विचारतात, म्हातारीला काय झालं होतं. मी म्हणतो, पाय. एक जण म्हणला, पायानं कुणी मरतं का. मी उठून आत गेलो. त्याला काय सांगायचं? मलाच अजून कळालं नाही.

मला लिहायची सवय नाही. लहानपणी पंतोजीपाशी बाराखडी आणि पाढे शिकलो, तेवढ्यावर आयुष्य निघालं. पण तुझ्याशी तोंडानं बोलायला लागलं का कौसा ऐकते आणि रडते. लिहायला बसलो का ती समजते बाप काही कामात आहे, आणि उठून भांडी घासते. म्हणून लिहायलो. तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. ते राहू दे.

आपल्या भोईगल्लीत पुरुष पाण्यात उतरतो आणि बाई टोपलं घेऊन बाजारात बसते. तू दोन्ही केलंस. माझा भाऊ नांदेडला गिरणीत गेला आणि आपल्या ओढायच्या जाळ्याचं दुसरं टोक धरायला माणूस राहिला नाही. मी गल्लीत चार जणांना विचारलं. ज्याला त्याला आपलं जाळं होतं. मी ओसरीवर डोकं धरून बसलो होतो, तर तू लुगड्याचा काष्टा वर खोचून पुढं उभी. म्हणलीस, "चला. टोक धरायला काय मिशा लागत्यात का?"

माझी माय म्हणली, बाईनं जाळं धरलं तर मासा येत नाही. त्या दिवशी हातभर लांब वाम आली. तू ती तशीच वळवळती नेऊन तिच्यापुढं ठेवलीस आणि म्हणलीस, "आत्याबाई, हिला सांगा, बाईनं धरलंय म्हणून. हिला ठावं नसंल." माय त्यावर परत कधी बोलली नाही, कालवण मात्र दोनदा वाढून घेतलं.

खालच्या अंगाचं टोक तू घेतलंस. तिथं धार जोराची आणि तळाला दगड. मी म्हणलो, मी धरतो. तू म्हणलीस, मी जड आहे, मला धार हलवत नाही. खरंच हलवत नव्हती. मी वरच्या टोकाला, तू खालच्या, मधी जाळ्याचं पोट फुगलेलं. सगळा जन्म मी तुला तसंच बघितलं, पाण्यापलीकडून, कमरेपर्यंत. घरात इतकं बघितलं नसंल.

पण पाय. पावसाळा संपला का तुझ्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या पडायच्या आणि उन्हाळ्यात टाचा फुटायच्या. मी एरंडेलात मेण वितळवून भेगांत भरायचो. शिंपल्याची धार, दगडाचा कोपरा, काही ना काही रोज लागायचं. माझेपण पाय तसलेच, पण मला काही झालं नाही. ह्याचा मला राग येतो. कुणावर येतो ते सांगता येत नाही.

रेल्वेच्या पुलाचा तो गोरा साहेब तुला आठवतोय का? विचारायलो बघ, जशी तू समोर बसलीस. पूल तपासायला यायचा आणि काम झालं का गळ घेऊन पाण्यात उभा राहायचा. अंगात छातीपर्यंत रबराची इजार, खांद्यावरून पट्टे, आणि पायात तळाला खिळे ठोकलेले कातड्याचे बूट. आख्खा माणूस पाण्यात, आणि बाहेर आला तर आत कोरडा. तू मला म्हणायचीस, "हा पाण्यात जातो का पाण्याला टाळतो?" पण तुझी नजर त्याच्या पायांवर असायची. गुळगुळीत धोंड्यावर तो नीट चालायचा, कारण खिळे दगडाला धरायचे. ते तू मला दाखवलंस.

त्याची बदली झाली तसा त्याचा खानसामा आपल्या दारात आला. दोन्ही वस्तू खांद्यावर. आपण त्याला वर्षभर ताजी मासळी दिली होती, त्याची त्याला जाण. म्हणला, "दोनों में से एक रख लो, दूसरी चौकीदार को देनी है."

मी म्हणलो बूट. तू म्हणलीस इजार.

किती भांडलो आपण. खानसामा उभा राहून दमला आणि ओसरीवर बसला. माझं म्हणणं, बूट तुला होतील, आत चिंध्या भरू, दगड लागणार नाहीत. तुझं म्हणणं, बूट कातड्याचे. आपल्या ह्या नदीला आपण गंगाच म्हणतो, आणि गंगेत कातडं घालून उतरायचं नाही, ही आपल्याकडची रीत. वहाणा वाळवंटाच्या अलीकडं सोडायच्या. तू खानसाम्याला विचारलंस, ही इजार कशाची. तो म्हणला, "झाड का दूध है, अम्मा." तू म्हणलीस, दूध आहे, चालतंय. आणि मला हळूच म्हणलीस, "थंडीत तुमची छाती भरती. रातभर खोकलाव तर मला ऐकावं लागतंय." बूट चौकीदाराकडं गेले. इजार आपल्याकडं राहिली. माझ्यासाठी राहिली.

पुढचं तू सगळ्या गल्लीला सांगितलंस, आणि दर वेळी त्यात थोडं वाढवून सांगितलंस. मी ती इजार घालून ऐटीत उतरलो. पाय शेवाळावर सटकला आणि मी पडलो. छातीशी पाणी आत शिरलं ते बाहेर येईना. पखालीसारखा भरलो मी. उठू म्हणलं तर पाय उचलत नव्हते. धार डोहाकडं ओढायली. तू जाळं सोडलंस. आपल्या एकुलत्या एका जाळ्याचं टोक तू हातातून सोडलंस, आलीस, आणि दातानं माझ्या खांद्याचे पट्टे उपसलेस, आणि मला त्या इजारीतून असं ओढून काढलंस जसं सालीतून कोळंबी सोलून काढतात. लंगोटीवर घरी आलो. घाटावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. तूपण हसायलीस, पण तुझे हात कापायले होते. ते मला दिसलं. मी कधी बोललो नाही त्यावर. आज बोलतो. दिसलं होतं मला.

जाळं फाटलं होतं. ते तू शिवलंस. इजार कापून चुलीवरच्या गळक्या छपराला लावलीस, ती अजून तिथंच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर पुलाखालच्या खडकाळीत तुझ्या डाव्या पायात काच गेली. कुणी बाटली फोडली होती, देव जाणे. काच निघाली, पण जखम भरली नाही. हळद झाली, चुना झाला, दवाखान्यातली लाल औषधं झाली. डॉक्टर भला माणूस. त्यानं सांगितलं, पाय पाण्यात घालू नका. भोयाच्या बाईला सांगितलं.

तेव्हा मी परत तेच काढलं. म्हणलो, त्या वेळी बूट घेतले असते तर काच लागली नसती. तू म्हणलीस, गंगेत कातडं? मी म्हणलो, वरून मेलेली गुरं वाहत येतात, ती काय कातडं काढून येतात? गंगा त्यांना काही म्हणते का? तू माझ्याकडं नुसतं बघितलंस. दुसऱ्या दिवशी म्हणलीस, "ह्याचं उत्तर हाय माझ्यापाशी. सवडीनं देते." सवडीनं. मी वाट बघायलो होतो.

मग बाबू मोच्याकडं गेलो. रबराचे बूट बाजारात बघितले, एक जोड नाही. बाबू म्हणला, "मामा, रबर सगळं लढाईवर गेलंय. आता तुमच्या मामीसाठी लढाई थांबवावी का?" पण पोरगा हुशार नाही म्हणता येत नाही. मोटारीच्या फाटक्या टायरचा तळ घेतला. तंबूच्या जाड कापडाचं वरचं अंग घोट्याच्या वर चढवलं, आणि सगळं सुतानं शिवलं. कातड्याचा कण नाही. तू तरी नाकाला लावून एकेक शिवण हुंगलीस. बाबू बघायला होता. म्हणला, मामी, बूट आहे, बोंबील नाही.

आणि त्यानं शिवणीवर डांबर लावून पाणी आत जाणार नाही असं केलं होतं. त्याचा त्याला गर्व. तू त्याच्या पुढ्यातली आरी उचललीस आणि बोटांपाशी भोकं पाडायला सुरू केलंस.

"मामी, अवो, मेहनत केली मी."

"लेकरा, पाणी वरनं येणारच. ह्यांची पखाल झाली ती तू बघितली न्हाईस."

मी म्हणलो, भोकंच पाडायची तर बूट घेतला कशाला?

"दगडासाठी. पाण्यासंगं माझं भांडण न्हाई."

मी तेव्हा म्हणलो की तू येडी आहेस. ते बूट घालून तू हिवाळाभर उभी राहिलीस. पाणी येत होतं, जात होतं, आणि तुझा पाय दगडावर सटकला नाही, आणि तू मला वरच्या टोकाला उभं बघून ओरडायचीस, "ताणा, आवो ताणा, झोपलाव का?" तो हिवाळा मला मिळाला. बाबूमुळं मिळाला, तुझ्या भोकांमुळं मिळाला. कुणाचे उपकार मानायचे ते मानतो. पण एकच मिळाला.

उन्हाळ्यात पाय सुजला. जोडवं बोटात रुतलं, ते मी कानशीनं कापून काढलं आणि तू दोऱ्यात ओवून गळ्यात घातलंस. मग अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं. डॉक्टरनं मला बाजूला नेऊन सांगितलं, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, घोट्यापासून काढावा लागेल. काढला तर माणूस वाचेल.

मी घरी आलो आणि सरळ सांगितलं. मला गोल बोलता येत नाही.

तू म्हणलीस, "न्हाई."

"कुबडी करून देतो. बाभळीची. मजबूत."

"कुबडीवर गंगेत उभी राहू का? बगळ्यावानी?"

"गंगेत उतरायचंच न्हाई. घरी बसायचं."

"आन् खालचं टोक कोण धरल?"

"खुंटी ठोकीन पाण्यात. खुंटीला बांधीन."

तू म्हणलीस, "खुंटी तुमाला पाण्यातनं वढून काढल का?"

मी काय करायला पाहिजे होतं, ते मला कुणीतरी सांगा. उचलून न्यायचं होतं का गाडीत घालून? तू जड. आणि तू नाही म्हणलेलं मी कधी करवून घेतलं? मी हात जोडले. कौसाला निरोप धाडून चुडाव्याहून बोलावलं, तिनंही हात जोडले. जावई आला, त्यानं चार शहाण्या गोष्टी सांगितल्या. तू सगळ्यांना भाकरी वाढलीस आणि लंगडत चुलीपाशी गेलीस. कौसाला म्हणलीस, "तुझ्या आबाला म्हणावं, मोठा बूट करून घ्या. पाय मोठा झालाय, तर बूट मोठा करायचा. हाय काय त्यात." आणि मी तेवढंच धरलं. मला दुसरं काही येत नव्हतं. पाय बरा करता येत नव्हता, बूट करून घेता येत होता.

आता मी तुला विचारतो. तू पाय राखलास आणि मला टाकलंस. हे बरं केलंस का? रागवायचं तर रागव.

पोतं घेऊन गेलो त्या दिवशी बाबूनं रेघ बघितली. तो हसला नाही. तुला हे सांगायचं होतं. त्यानं बोट फिरवलं रेघेवरून आणि म्हणला, परवा सकाळी या. मी घरी आलो तर तू वाकळ घेऊन पडलेली, अंगात ताप. विचारलंस, "हसला का त्यो?" मी म्हणलो, नाही हसला. तू म्हणलीस, "खोटं." आणि तापात बडबडायला लागलीस.

डॉक्टर आला. सुई दिली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच मला समजलं. सकाळी तू डोळे मिटूनच ओरडायलीस, "ताणा. ताणा की. सोडू नका." घरात सगळे होते, कुणाला काही कळेना. मला कळालं. मी तुझ्या वाकळीचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ताणलं. दुसरं टोक तुझ्या मुठीत होतं. तू गप झालीस. मी धरून बसलो. हात भरून आले तरी धरून बसलो. मग तिकडची ओढ गेली. ते मला हातातच कळालं. बायकांनी रडं काढलं ते नंतर.

त्यांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. एकीनं विचारलं, दुसरं जोडवं कुठं आहे. मी म्हणलो, गळ्यात बघा. सगळ्या म्हणायल्या, सवाष्ण गेली, नशिबाची. तू नशिबाची, तर मी कोण? विचारलं तर जो तो डाळ-भात पाठवतो.

गंगेच्या वाळवंटातच तुझी माती झाली. पाणी आटलेलं, डोहापुरतं उरलेलं. कौसा सासरहून परत गाडीनं येईपर्यंत सगळं उरकलं होतं. ती माझ्या गळ्यात पडली आणि मला सुचेना की हिच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा. ते काम तुझं होतं. मी नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं आणि टोपी घातली.

कौसा म्हणली, "आबा, कुठं निघालाव?"

"बाजारात."

"सुतक हाय. सुतकात कुणी बाजारात जातं का?"

"परवा या म्हणला होता. ते परवा म्हंजी आज."

तिला काही कळालं नाही. मला तरी कुठं कळालं होतं. पाय चालायले होते.

भोईगल्लीतलं मरण बाजारात पोचायला वेळ लागतो. बाबू दुकानाची फळी काढायला होता. मला बघून म्हणला, "मामा, येळेवर आलाव," आणि फळीखालून बूट काढून माझ्या हातात दिला. एकटा डावा. एवढा मोठा, की माझी दोन्ही मनगटं आत जातील. मी हात घालून आतून शिवण चाचपली, कुठं गाठ टोचते का ते बघितलं. नव्हती. चांगलं काम होतं.

"बसल का नीट?" बाबूनं विचारलं. "सूज हाय तेवढीच का उतरली?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं मी. त्याच्या हातात सूत होतं आणि तो माझ्याकडं बघायला होता.

"उतरली," मी म्हणलो.

"मग जरा सैल व्हईल. दोन-चार दिवस घालून बघा म्हणावं मामीला. टाच निसटायली तर परत आणा, आतनं पट्टी लावून देतो."

"बरं," मी म्हणलो.